टूर द फ्रान्स पहिल्यांदाच फॉलो करायचीय, तीन आठवडे रोज बघायचं तरी काय?

सुरुबन (गुहागर)

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, जागा चुकली असेल तर ॲडमिननी धागा हलवावा.

जानेवारीत पुण्याला भावाकडे होते तेव्हा पुणे ग्रँड टूर रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली. कितीतरी वेळ उन्हात ताटकळलो. आधी पोलिसांच्या गाड्या, मग मोटरसायकली, मग एकदम सगळा घोळका अंगावरून गेल्यासारखा गेला, वाऱ्याचा झोत आला आणि संपलं. मागून टपावर सायकली लावलेल्या गाड्यांची रांग. बस, एवढंच. माझा मुलगा नववीत आहे, तो तेव्हापासून झपाटलाय. आता जुलैत टूर द फ्रान्स बघायची म्हणतोय, तीही रोज, तीही माझ्यासोबत. मलाही उत्सुकता आहे, पण जुने टप्पे लावून बघितले तेव्हा खरं सांगायचं तर डोळा लागला.

रोज चार-पाच तास असे एकवीस टप्पे, हे शाळा, घर, स्वयंपाक सांभाळणाऱ्या माणसाने बघायचं कसं? त्यात जो त्या दिवशी जिंकतो तो पिवळ्या जर्सीत नसतोच. पिवळा मागून घोळक्यात आरामात येतो आणि तरी म्हणे पहिला. पुढे चार-पाच जण पळत सुटतात आणि मागचे दीडशे त्यांना खुशाल जाऊ देतात. धरत का नाहीत? मुलगा समजावून सांगतो, पण त्याच्या सांगण्यात निम्मे शब्द फ्रेंच असतात.

आणि पावसात आमच्याकडे नेटची काय अवस्था असते ते इथल्यांना सांगायला नको. व्हिडिओ न बघता फॉलो करता येतं का?

कोकणकन्या_लेट (कुडाळ)

एकवीस दिवस कशाला, रोज शेवटचे पाच किलोमीटर बघा आणि जेवायला बसा. बाकीचे चार तास हेलिकॉप्टरमधून किल्ले, सूर्यफुलं नि गाई. आमची आई तेवढ्यासाठीच बघते. गेल्या वर्षी विचारत होती, एवढ्या गाई आहेत तर रस्त्यात एकही बसलेली कशी नाही.

घाटवाट (चिपळूण)

ताई, डोंगराचे टप्पे बघा, सपाटीचे सोडून द्या. सपाट टप्पा लावावा आणि भाजी निवडत बसावं, शेवटच्या दोन मिनिटांत मान वर केली तरी चालतं.

डोंगर म्हणजे काय ते आकड्यांत सांगतो. आपलं राज्यातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, १६४६ मीटर. पिरेनीजमधली तूरमाले खिंड २११५ मीटर आणि आल्प्समधली गालिबिए २६४२. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळजवळ हजार मीटर उंचावरून डांबरी रस्ता जातो आणि ही माणसं त्यावर शर्यत लावतात. मी कुंभार्ली चढतो तेव्हा अर्ध्या घाटात टपरीवर थांबतो, त्यावरून कल्पना करा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणारा 'घाटाचा राजा', तसाच तिकडे डोंगरांचे गुण मोजून लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी देतात.

यंदा ४ जुलैला बार्सिलोनातून निघून २६ ला पॅरिस. आल्प द्युएझ लागोपाठ दोन दिवस आहे. २४ ला नेहमीच्या २१ वळणांनी, २५ ला मागच्या अंगाने, सारेन खिंडीतून. २५ चा टप्पा तर गालिबिएवरूनही जातो, एका दिवसात सुमारे ५६०० मीटरचा चढ. त्या दिवशी आषाढी एकादशी आहे. उपास करून बसा.

बर्फवाला_देवगड

घाटवाट आमचा मित्र आहे, पण ताई, त्याचं ऐकू नका.

आधी माझं सांगतो. देवगडला माझा बर्फाचा कारखाना आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे आम्हालाही कोणी विचारत नाही. कॉम्प्रेसर खोलून ठेवलेला, मिस्त्री 'उद्या येतो' म्हणून आठवडा काढतो, आणि संध्याकाळी कारखान्यात मी, वॉचमन आणि टीव्ही. टूर जुलैत घेतात ही फ्रेंचांची माझ्यावर मेहरबानी आहे. यंदा फुटबॉलचा विश्वचषक मध्येच आलाय, पण अमेरिकेतले सामने आपल्याकडे रात्री उशिरा नि पहाटे, त्यामुळे आड येत नाहीत.

वेळ आपल्याला सोयीची आहे. जुलैत फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. टप्पा बहुतेक दिवशी आपल्या नऊच्या आसपास संपतो. सव्वाआठला टीव्ही लावलात तर शेवटचे तीस-पस्तीस किलोमीटर मिळतात. रोज एवढं पुरे. अख्खा टप्पा रविवारी एखादा, तोही बाहेर कोसळत असेल आणि दुसरं काही सुचत नसेल तर.

आता पिवळ्याचं. रोजची शर्यत वेगळी आणि एकूण शर्यत वेगळी. रोजच्या टप्प्यात पहिला कोण आला तेवढंच. एकूणात मात्र पहिल्या दिवसापासूनचा सगळा वेळ मिळवायचा, ज्याचा सगळ्यात कमी तो पिवळा. शिवाय घोळक्यात सलग आलेल्या सगळ्यांना सारखाच वेळ देतात, मग तुम्ही चौथे या नाहीतर नव्वदावे. टप्प्यात पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते तेवढाच फरक. म्हणून पिवळा निवांत दिसतो. त्याला पहिलं यायचं नसतं, यादीत त्याच्या खाली जो आहे त्याला पुढे सुटू द्यायचं नसतं. (जर्सी पिवळी का, तर ही शर्यत १९०३ साली 'लोटो' नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढवायला काढली आणि त्या पेपरचा कागद पिवळा होता. जर्सी मागाहून आली, १९१९ साली.)

माझ्याकडे लाद्यांचा हिशेब लिहायचा काळा फळा आहे. बंदीत तो रिकामाच असतो. त्यावर सगळ्यात वर पिवळ्याचं नाव, खाली दहाव्यापर्यंतची नावं, आणि प्रत्येकासमोर तो किती मागे आहे तेवढंच. मिनिटं-सेकंद, बाकी काही नाही. रात्री टप्पा संपला की ओल्या फडक्याने आकडे पुसायचे नि नवे लिहायचे, नावं वरखाली झाली तर ती पण. पावसात खडू ओला होतो, लिहिताना कचकच मोडतो, म्हणून वॉचमनने खडूंचा डबा स्टार्टरच्या पेटीवर ठेवलाय, तिथे ऊब असते. ताई, घरी असा एक कागद फ्रिजवर लावा. चार दिवसांत तुम्ही स्वतःहून विचाराल की तिसऱ्याचे वीस सेकंद गेले कुठे. एकदा हा प्रश्न पडला की मग झोप नाही लागत.

पुढे सुटलेल्यांना जाऊ का देतात? कारण ते एकूण यादीत खूप खाली असतात. पंधरा मिनिटं मागे असलेला माणूस पाच मिनिटं पुढे गेला तर पिवळ्याचं काय बिघडलं? आणि वारा. पुढच्याच्या आडोशाला चालवलं की ताकद तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त वाचते, घोळक्याच्या पोटात असाल तर आणखी. पुढचे पाच जण पाळीपाळीने वारा खातात, मागे दीडशे आहेत. म्हणून घोळका त्यांना दोर सैल सोडतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लावलेले लोक पहिल्यालाच दोर खेचत सुटत नाहीत, तसं. आवळायची वेळ कधी यायची याचा जुना हिशेब आहे, रॉबेर शापात नावाच्या फ्रेंच समालोचकाच्या नावाने ओळखतात: दर दहा किलोमीटरला एक मिनिट. शेवटचे ३० किलोमीटर उरलेत आणि पुढच्यांकडे अडीच मिनिटं आहेत, तर बहुतेक सापडतात. साडेतीन असतील तर खुर्ची पुढे ओढून बसा. हल्ली घोळका इतका वेगाने येतो की हा हिशेब फसतोही, पण मुलाला पाठ करून टाकायला सांगा. टीव्हीच्या कोपऱ्यात अंतर नि किलोमीटर दोन्ही दिसत असतात, त्याचा त्याला अंदाज बांधू दे.

कधीकधी तर पिवळी जर्सी मुद्दाम देऊन टाकतात. २०२५ साली दहाव्या टप्प्याला, १४ जुलैला, टप्पा जिंकला सायमन येट्स आणि पिवळा झाला आयर्लंडचा बेन हीली, तोवर तीन टूर जिंकलेल्या पोगाचारच्या पुढे २९ सेकंद. पोगाचारच्या टीमने फार मनावर घेतलं नाही. पिवळ्याला रोज व्यासपीठ, मुलाखती, हॉटेलवर पोचायला उशीर, आणि त्याच्या टीमने दिवसभर पुढे राहून घोळका ओढायचा. दुसऱ्याला ओढू दे की दोन दिवस! पॅरिसला हीली नववा आला आणि पोगाचारने चौथ्यांदा टूर नेली.

एवढं सगळं सांगून माझं खरं म्हणणं असं आहे की पिवळ्यावर नजर ठेवायचं काम मुलाला द्या. तुम्ही यादीच्या तळाचा एक माणूस धरा.

कारण टूरमध्ये रोज एक दुसरी शर्यत चालू असते, ती घड्याळाशी. जिंकणाऱ्याच्या वेळेवर ठरावीक टक्के चढवून मर्यादा काढतात. सपाटीला टक्के कमी, डोंगराला जास्त. त्या आत पोचला नाहीत तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला सुटता येत नाही, घरी जा. सपाटीवर ताशी सत्तरने धावणारे गडी अंगाने भारी असतात, डोंगरात तेच मरतात. मग ते मागे एक टोळकं करतात, त्याला ग्रुपेत्तो म्हणतात. एकमेकांच्या टीमशी वैर असलं तरी तिथे सगळे एक, कारण वारा अडवायला चार पाठी लागतात, आणि दुसरं म्हणजे एकदम खूप जण मर्यादेबाहेर गेले तर पंच बहुधा ठेवून घेतात. एकटा सापडलास की मेलास.

२०२४ चा पहिला टप्पा, फ्लॉरेन्स ते रिमिनी. इटलीतलं ऊन, सुरुवातीपासून चढ. सपाटीवर धावेत जिंकणारा मार्क कॅव्हेंडिश, वय ३९, लवकरच मागे पडला, सायकलवरच ओकला. त्याच्या अस्ताना टीमची माणसं पुढे जायचं सोडून त्याच्याभोवती थांबली. कोणी पुढे होऊन वारा घेतोय, कोणी डोक्यावर पाणी ओततोय. टप्पा जिंकला रोमँ बार्दे, छान जिंकला, पण मी फळ्यापाशी गेलोच नाही. कॅव्हेंडिश येतो की नाही तेवढंच. सुमारे ३९ मिनिटांनी आला, मर्यादेच्या आत. वॉचमन म्हणाला, "साहेब, हा शेवटून आला नि तुम्ही टाळ्या काय वाजवताय?" मग ३ जुलैला पाचव्या टप्प्यात, शेवटच्या धावेत सगळ्यांना मागे टाकून तोच जिंकला. टूरमधला त्याचा ३५ वा टप्पा. एडी मर्क्सच्या ३४ च्या विक्रमाशी बरोबरी २०२१ सालीच केली होती, पुढच्या एकासाठी तीन वर्षं गेली, मध्ये २०२३ ला कॉलरबोन मोडून घरी जावं लागलं होतं. ज्यांनी फक्त ३ जुलैचे शेवटचे पाच किलोमीटर बघितले त्यांना एक विक्रम दिसला, कोकणकन्यावाल्या, तुला उद्देशून म्हणतोय.

नेटचं: व्हिडिओची गरज नाही. शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावर मिनिटामिनिटाचा मजकूर येतो, दोन काड्या रेंजवरही उघडतो. प्रोसायकलिंगस्टॅट्सवर आदल्या रात्रीच चढांचा आलेख बघून ठेवा. कुठला चढ शेवटापासून किती लांब आहे ते कळलं की मजकूर वाचतानाही रस्ता डोळ्यांसमोर राहतो. लाईट गेली की मी मोबाईलवर हेच करतो. जुलैत लाईट जातेच.

मालवणी_खाजा

बर्फवाल्यानु, ता फळ्याचा खरा हा. माजी लाद्यांची उधारी पुसून थंयसर त्या विंगेगार्डाचा नाव लिवला. माका चलता. दरवर्सा असाच करा.

बर्फवाला_देवगड

वहीत आहे ती. फळा पुसला म्हणून सुटलास असं समजू नकोस.

विंगेगार्डचा विषय निघालाच आहे तर ताई, मुलाला हे सांगा. डेन्मार्कचा हा पोरगा, टूर जिंकण्याच्या काही वर्षं आधी हान्स्टहोल्म बंदरावर मासळीच्या कारखान्यात सकाळची पाळी करायचा. मासे बर्फात भरायचे, मग दुपारी सायकल. पुढे २०२२ आणि २०२३ ची टूर जिंकला. एप्रिल २०२४ ला स्पेनमधल्या बास्क शर्यतीत असा आपटला की कॉलरबोन, बरगड्या, फुप्फुस सगळ्याला मार. जुलैत टूरला हजर. अकराव्या टप्प्यात पोगाचारला शेवटच्या धावेत हरवलं आणि कॅमेऱ्यासमोर रडला. माझ्याकडे बर्फ फोडायला येणाऱ्या पोरांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, मग आम्हाला पण सायकल घेऊन द्या. दोन अंश तापमानात हात बुडवून मासे भरणं काय असतं हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे पोगाचार कितीही मोठा असो, आमच्या कारखान्यात मतं विंगेगार्डला.

संशयी_राजापूरकर

सगळं ठीक आहे, पण आर्मस्ट्राँगनंतर या खेळावर विश्वास कसा ठेवायचा? १९९९ ते २००५ सात वेळा टूर जिंकला आणि २०१२ साली डोपिंगमुळे सातही काढून घेतल्या. ताईंच्या नववीतल्या मुलाला हे पण सांगा.

बर्फवाला_देवगड

सांगावंच. त्या सात वर्षांच्या विजेत्यांच्या यादीत दुसऱ्या कोणाचं नाव घातलं नाही, जागा कोरी ठेवली, हेही सांगावं. कोणाच्या वतीने मी शपथ घेणार नाही. पण मर्यादेच्या आत पोचायला धडपडणाऱ्या तळाच्या माणसाला बघताना मला तो प्रश्न फारसा छळत नाही. वरच्या दोघा-तिघांना बघताना छळतो कधीकधी. ज्याचं त्याने ठरवावं.

घाटवाट (चिपळूण)

तळाचं ठीक आहे. पण सपाट टप्प्याला झोप लागते हे तुम्ही खोडून काढलेलं नाही.

बर्फवाला_देवगड

खोडतो. २०१९, दहावा टप्पा, आल्बीला संपणारा. तुझा फ्रेंच डोंगरवीर तिबो पिनो त्या दिवशी चांगल्या जागेवर होता. शेवटाकडे बाजूचा वारा सुटला. वारा समोरून असला की आडोसा मागे मिळतो, बाजूने आला की आडोसा तिरका मिळतो. मग सायकली रस्त्यावर तिरक्या रांगेत येतात आणि रस्त्याची रुंदी संपली की आडोसाही संपला. उरलेले कडेच्या पांढऱ्या पट्टीवर एकामागे एक, सगळ्यांच्या अंगावर वारा. पुढच्या टीमनी नेमका तेव्हा वेग वाढवला, घोळका फाटला आणि पिनोचं १ मिनिट ४० सेकंदांचं नुकसान झालं. सपाटीवर! चारच दिवसांच्या शर्यतीनंतर तुझ्या त्या तूरमालेवर पिनो पहिला आला, अख्खा डोंगर जिंकला, तरी ते नुकसान त्या दिवशी भरून निघालं नाही.

आणि वाऱ्याचं तू चिपळूणवाल्याने आम्हा किनाऱ्यावरच्यांना सांगू नये. कुणकेश्वरच्या रस्त्याला जुलैत स्कूटर चालव, मग बोलू.

ताई, एक खूण: सपाट टप्पा असला तरी सकाळी त्या भागाचा वारा बघायचा. वारा जोरात आणि रस्ता उघड्या शेतांतून, समुद्राकाठाने जात असेल तर त्या दिवशी आठला नाही, सहालाच टीव्ही लावा. मोठ्या टीमा एकदम पुढे येऊन गर्दी करायला लागल्या की समजायचं, पुढे रस्ता वळतोय आणि वारा कडेने लागणार आहे.

हर्णैची_वहिनी

कोणी बायकांच्या टूरबद्दल बोलेल म्हणून वाट बघत होते. २०२४ चा शेवट बघा म्हणावं. डेमी वोलरिंग पिवळ्यात होती, पाचव्या टप्प्यात शेवटाजवळ पडली, पावणेदोन मिनिटं गेली, जर्सी गेली पोलंडच्या काशिया निएवियादोमाकडे. शेवटचा टप्पा आल्प द्युएझवर. वोलरिंग वर पहिली आली, टप्पा जिंकला, आणि मग खाली बसून मागे घड्याळ चालू. काशियाने टूर राखली ती ४ सेकंदांनी. पुरुषांच्या शर्यतीतसुद्धा एवढं कमी अंतर कधी नव्हतं, १९८९ ला ग्रेग लेमाँ जिंकला तो ८ सेकंदांनी.

शिवाय नऊच दिवस असतात, ताईंना तेच झेपेल. यंदा १ ऑगस्टला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला सुरू, ९ ला नीसला संपणार.

बर्फवाला_देवगड

वहिनी, १ ऑगस्टला आमची बंदी उठते. त्या आठवड्यात रात्री दोनला बोटवाले 'लाद्या कुठायत' म्हणून दार वाजवतात. तुमची टूर मला नेहमी मजकुरावर वाचावी लागते, ४ सेकंद पण वाचलेच मी, बघितले नाहीत.

कामाच्या दिवसांत टूर बघणं काय असतं ते २०२० ला कळलं. करोनामुळे शर्यत ऑगस्टअखेर सुरू झाली, आपल्याकडे गणपती बसलेले होते. फळ्यावर लाद्यांचा हिशेब, म्हणून मी नावं कोल्ड स्टोरेजच्या दारावर खडूने लिहीत होतो. १९ सप्टेंबरला विसावा टप्पा, एकट्याएकट्याने घड्याळाविरुद्ध, ३६ किलोमीटर, शेवटी चढ. दारावर वर रोग्लिच, त्याखाली पोगाचार, समोर ५७ सेकंद. दोघेही स्लोव्हेनियाचे. रोग्लिच इतका भरवशाचा गडी की ५७ सेकंद म्हणजे झालंच असं सगळे धरून चाललेले. चढावर त्याचं हेल्मेट कपाळावर वाकडं झालेलं, चेहरा पांढरा, आणि कोपऱ्यातला आकडा कमी कमी होत शून्य झाला नि उलटा वाढायला लागला. दुसऱ्या दिवशी पॅरिसला पोगाचार ५९ सेकंदांनी जिंकला, बावीस पूर्ण व्हायला एक दिवस बाकी. दाराशी टेम्पो भरायला थांबलेला ड्रायव्हर पण बघत उभा राहिला होता. त्याला सायकलीतलं काही कळत नव्हतं, पण '५७ होते ना?' एवढं तीनदा विचारलंन. आकडा लिहिलेला असला की असं होतं.

सुरुबन (गुहागर)

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. वहिनी, तुमची ४ सेकंदं काल रात्री शोधून बघितली, मुलगा झोपला तरी मी बसले होते.

कागद फ्रिजवर लावायचं ठरलंय. मुलाने पिवळा घेतला, मी तळ. पण तळातला माणूस निवडायचा कसा? आणि टीव्हीवर तो ओळखायचा कसा, सगळे सारखेच दिसतात, हेल्मेट नि गॉगल.

बर्फवाला_देवगड

टीमची अंतिम नावं सुरुवातीच्या आधी काही दिवसांत पक्की होतात, तोवर थांबा. मग आधी पाठीवरचे नंबर शिका. एका टीममध्ये आठ जण, नंबर दहाच्या टप्प्याने: गेल्या वेळच्या विजेत्याच्या टीमला १ ते ८, पुढच्यांना ११ ते १८, २१ ते २८ असे. १ वर संपणारा नंबर बहुधा टीमच्या म्होरक्याचा. बाकीचे त्याच्यासाठी पाणी आणणारे, वारा खाणारे, त्याचं चाक फुटलं तर आपलं काढून देणारे.

तुमचा माणूस त्या बाकीच्यांतला शोधा. अशी टीम घ्या जिच्यात धावेवर जिंकणारा भारी गडी आहे, आणि त्या गड्याला डोंगरात सोबत करायला ठेवलेला एखादा. तो कधी जिंकणार नाही, टीव्हीवर नाव फारसं येणार नाही. पहिल्या मोठ्या डोंगराच्या दिवशी निकालाची यादी शेवटापासून वर वाचायची, आहे का बघायचं. नंबर पाठ असला म्हणजे घोळका पाणी घ्यायला गाडीकडे मागे येतो तेव्हाही सापडतो, जर्सीत मागे सात-आठ बाटल्या कोंबून पुन्हा पुढे जाणारा बहुतेक तोच.

आफ्रिकेतला चालणार असेल तर एरिट्रियाचा बिनियम गिरमाय यादीत आहे का बघा. तो तळातला नव्हे, २०२४ ला तीन टप्पे आणि हिरवी जर्सी नेलीन. हिरवी म्हणजे धावेच्या गुणांची. पण डोंगरात तोही मागच्या टोळक्यातच असतो, त्यामुळे तुमच्या कागदावर चालेल आणि मुलगाही भांडणार नाही.

सुरुबन (गुहागर)

मुलगा म्हणतो गिरमाय त्याचा. मी पाण्याच्या बाटल्यावाला शोधते, नावं आली की इथेच विचारेन.

कोकणकन्या_लेट (कुडाळ)

काका, मर्यादेचे टक्के कुठे छापतात? आईला सांगायचंय, तिने गाई सोडून तळ बघायला घेतलाय.

बर्फवाला_देवगड

शर्यतीच्या नियमपुस्तकात तक्ता असतो, टप्प्याचा प्रकार आणि जिंकणाऱ्याचा सरासरी वेग बघून टक्के वाचायचे. संध्याकाळी फोटो टाकतो इथे, लाईट आली की.